आधी याद्या, मग शोध: एकोणिसाव्या शतकातील मराठी वाङ्मयीन संस्कृती आणि डिजिटल संग्रह

आपला प्रश्न थोडक्यात असा: १८६७ ते १९०० या काळातील मराठी वाङ्मयीन संस्कृतीवर आपल्याला प्रबंध लिहायचा आहे. मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत महिनोन्महिने बसणे आपल्याला शक्य नाही. तेव्हा केवळ डिजिटल संग्रहांच्या आधारे हे काम कितपत होईल आणि सुरुवात कोठून करावी, हे आपण विचारले आहे. जुन्या मराठी नियतकालिकांच्या सूचीकरणात माझी पंचवीसेक वर्षे गेली. त्यांतली पहिली दहा धुळीत गेली आणि पुढची पडद्यासमोर. त्या अनुभवावरून सांगतो की काम होईल, मात्र बहुतेक जण ज्या टोकाकडून सुरुवात करतात त्याच्या नेमके उलट टोक आपल्याला धरावे लागेल.

बहुतेकांची रीत ठरलेली असते. एखाद्या मोठ्या संग्रहाच्या शोधचौकटीत ‘मराठी कादंबरी’ असे टंकायचे, जे समोर येईल ते उतरवून घ्यायचे, आणि दोनतीनशे पीडीएफ जमल्या की त्यांवरून त्या काळाच्या वाचनाभिरुचीविषयी विधाने करायची. यातला दोष एका वाक्यात सांगता येतो: आज पडद्यावर दिसणारी पुस्तके म्हणजे त्या काळी छापलेली पुस्तके नव्हेत. पुस्तक छापले गेले, ते कोणीतरी विकत घेतले, पुढे एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटात आले, कसर, वाळवी आणि रद्दीवाला या तिघांतून वाचले, कोणाच्या तरी योजनेत स्कॅन करण्यासाठी निवडले गेले, आणि शेवटी ते सापडेल अशा नावाने चढवले गेले. या प्रत्येक पायरीवर गळती झालेली आहे, आणि ती सर्व प्रकारच्या पुस्तकांची सारखी झालेली नाही. छेद ठाऊक नसताना अंश मोजण्याचा हा प्रकार आहे. म्हणून ‘काय उपलब्ध आहे’ यापेक्षा ‘काय छापले गेले होते’ हा प्रश्न आधी घ्यावा.

आपण १८६७ हे वर्ष निवडले, ते जाणून निवडले असो वा सहज, फार सोयीचे आहे. त्या वर्षीच्या पंचविसाव्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद करणे मुद्रकाला भाग पडले, आणि त्या नोंदींवरून प्रत्येक प्रांताचे सरकार दर तीन महिन्यांनी यादी प्रसिद्ध करू लागले. जुन्या पुस्तकांच्या मलपृष्ठावर किंवा आतल्या पानावर ‘सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर केले आहे’ अशा अर्थाची ओळ असते, ती याच कायद्याची खूण आहे. या त्रैमासिक याद्यांमध्ये पुस्तकाचे नाव, भाषा, लेखक किंवा भाषांतरकार, विषय, छापखाना, प्रकाशक, प्रसिद्धीची तारीख, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, शिळाछाप (दगडावरून छापलेले) की खिळ्यांवर छापलेले, किंमत, हक्क कोणाकडे, हे सर्व असते. आणि त्याहून मोलाचे म्हणजे किती प्रती छापल्या तेही असते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीचा जो आढावा घेतला, तो सरकारी नोंदींच्या पायावरच उभा आहे. १८६७ पूर्वीच्या काळासाठी मुंबई इलाख्यात १८६४ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या देशी प्रकाशनांची सर अलेक्झांडर ग्रँट यांची सूची आहे. त्यानंतर ब्रिटिश म्युझियममधील मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची ब्लूमहार्ट यांची १८९२ ची सूची, आणि सर्वांत भक्कम म्हणजे शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची ‘मराठी ग्रंथसूची’. एका माणसाने हे काम कसे केले असेल, हा प्रश्न ती हाताळताना मला अजूनही पडतो. नियतकालिकांसाठी दाते, काळे आणि बर्वे यांची वेगळी सूची आहे. प्रबंधाचे पहिले तीन महिने आपण केवळ या सूचींवर घालवलेत तर ते वाया गेले असे मानू नका.

या याद्यांतून काय हाती लागते ते एका उदाहरणाने सांगतो. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात १८८२ मध्ये छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. आज हे पुस्तक अभ्यासक्रमांत आहे, भाषांतरांत आहे आणि डिजिटल रूपातही सहज मिळते, त्यामुळे नवख्या अभ्यासकाला ते त्या काळी गाजलेले पुस्तक वाटण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात ते विस्मृतीत गेले होते आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशित केले तेव्हा ते चर्चेत आले. म्हणजे ‘उपलब्ध आहे’ यावरून ‘वाचले जात होते’ असे म्हणता येत नाही. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. त्रैमासिक याद्या चाळताना जे पानोपानी भेटते ते पंचांग, शालेय क्रमिक पुस्तके, लावण्यांची आणि अभंगांची चोपडी, व्रतांच्या पोथ्या आणि नाटकांतल्या पदांची पुस्तके. यांतली बहुतेक वापरून वापरून फाटली आणि कोणत्याच संग्रहात पोहोचली नाहीत. वाङ्मयीन संस्कृतीचा अभ्यास करायचा तर ही फाटलेली चोपडी मोजल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि ती आता फक्त यादीतच उरली आहेत.

याद्यांनाही मर्यादा आहेत. छापलेल्या प्रतींचा आकडा मुद्रकाने सांगितलेला असतो. तो विक्रीचा आकडा नव्हे. शेऱ्याच्या रकान्यातले मत नोंद करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचे असते, आणि त्याच्या नजरेला ‘अश्लील’ किंवा ‘क्षुल्लक’ वाटले ते वाचकालाही तसेच वाटले असेल असे मुळीच नाही. शिवाय मुंबई इलाख्याची यादी म्हणजे सगळी मराठी नव्हे: नागपूरकडची छपाई मध्यप्रांताच्या हिशेबात येते, तर बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर ही संस्थाने आणि पोर्तुगीज गोवा या कायद्याच्या कक्षेबाहेर होते. इलाख्याच्या यादीवरून ‘मराठी’ असे सरसकट विधान करून वऱ्हाड-नागपूर आणि बृहन्महाराष्ट्र गायब करणारे प्रबंध मी पाहिले आहेत.

आता प्रत्यक्ष संग्रहांकडे वळू. सर्वांत मोठा साठा इंटरनेट आर्काइव्हवर आहे, आणि त्यातला बराच भाग मुळात डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पाचा आहे. त्या प्रकल्पाचे मूळ संकेतस्थळ बंद झाले, पण फायली इकडे उरल्या. त्यांची नावे मात्र रोमन लिपीत, दीर्घ स्वरासाठी अक्षर दुप्पट करून, कोणीतरी घाईने टंकलेली आहेत. त्यामुळे ‘वाङ्मयाचा’ हा शब्द तीनचार वेगवेगळ्या स्पेलिंगांनी शोधावा लागतो, लेखकाच्या रकान्यात कधी प्रकाशक असतो, सन आवृत्तीचा असतो की पुनर्मुद्रणाचा ते कळत नाही, आणि लिपी देवनागरी असल्यामुळे मराठी पुस्तक हिंदी किंवा संस्कृत म्हणून नोंदलेले आढळते. माझी स्वतःची सवय अशी की भाषेची चाळणी लावायचीच नाही. आधी दात्यांच्या सूचीतून पुस्तकाचे नाव, लेखक आणि छापखाना नोंदवून घ्यायचा, मग नावातला सर्वांत विचित्र शब्द निवडून त्याची रोमन रूपे एकामागून एक टाकून पाहायची. याखेरीज राज्य मराठी विकास संस्थेने काही दुर्मिळ ग्रंथ खुले केले आहेत, साहित्य संस्कृती मंडळाची प्रकाशने मिळतात, आणि मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवकांनी ताडून पाहिलेला मजकूर आहे. तो थोडा आहे, पण जितका आहे तितका भरवशाचा आहे. ब्रिटिश सूचींमध्ये शोधताना एक लक्षात ठेवावे: त्या काळी तेथील सूचीकार मराठी माणसाची नोंद आडनावाखाली न करता त्याच्या स्वतःच्या नावाखाली करीत, म्हणून चिपळूणकर ‘च’मध्ये न सापडता ‘विष्णु’ किंवा ‘कृष्णशास्त्री’ असे पाहावे लागतात.

मजकुरात शोध घेण्याची सोय असलेल्या फायलींविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण सर्वांत मोठ्या चुका येथेच होतात. आपण ‘काही’ असा शब्द टाकला तर १८८० च्या मासिकात तो जवळजवळ सापडणारच नाही, कारण तेथे तो ‘कांहीं’ असा छापलेला आहे. ‘नाही’ हा ‘नाहीं’, ‘मुले’ हा ‘मुलें’, ‘यांनी’ हा कित्येकदा ‘यांणीं’. अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले, आणि आपण आज जे लिहितो ते त्या नियमांनंतरचे लेखन आहे. त्यात पानाच्या चित्रावरून अक्षरे ओळखणाऱ्या ओसीआर यंत्राची भर पडते. जुन्या खिळ्यांतला ‘अ’ आणि ‘झ’ वेगळ्या वळणाचा, जोडाक्षरे उभी एकाखाली एक रचलेली, अनुस्वाराचा ठिपका अर्धवट उडालेला किंवा कागदावरच्या डागाला यंत्राने अनुस्वार मानलेला. मी एकदा एका जुन्या अंकाचे एकच पान यंत्राने वाचलेल्या मजकुराशी ओळीनुसार ताडून पाहिले, तेव्हा ज्या शब्दांवर अनुस्वार होता त्यांतच सर्वाधिक घोटाळा निघाला. यावर उपाय साधा आहे. शोधण्यासाठी मधला, न बिघडणारा तुकडा निवडावा. ‘कादंबरी’ऐवजी ‘बरी’, ‘ग्रंथकर्ता’ऐवजी ‘थकर्ता’. आणि महत्त्वाच्या वर्षांची पाने शोधाच्या भरवशावर न सोडता डोळ्यांनी चाळावीत. शिळाछापावर आणि मोडीवर ही यंत्रे जवळजवळ निकामी ठरतात, तेथे चाळणे एवढाच मार्ग.

शब्दांचा प्रश्न लेखनापुरता नाही, कल्पनांचाही आहे. ‘नियतकालिक’ शोधून त्या काळातले फारसे काही मिळणार नाही, कारण तेव्हा ‘मासिक पुस्तक’ म्हणत. चिपळूणकरांची १८७४ मध्ये सुरू झालेली ‘निबंधमाला’ स्वतःची ओळख मासिक पुस्तक अशीच करून देते. ‘कादंबरी’ हा शब्द आपण नॉव्हेल या अर्थी गृहीत धरतो, परंतु तो बाणभट्टाच्या ग्रंथावरून आलेला असल्यामुळे जुन्या मजकुरात कोठे तो ग्रंथ अभिप्रेत आहे आणि कोठे प्रकार, हे प्रत्येक ठिकाणी पाहावे लागते. त्या जोडीला ‘नावल’, ‘कल्पित गोष्ट’, ‘अद्भुत कथा’ हेही शब्द शोधावेत. जुन्या अर्थांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खुला आहे. १८५७ ची ती दुसरी आवृत्ती आपल्या काळाला इतकी जवळची आहे की ती खिडकी मी कधी बंदच करीत नाही.

आपला खरा विषय मला तर मासिके आणि साप्ताहिके हाच वाटतो. त्या काळातले पुष्कळसे वाङ्मय आधी तेथे जन्मले आणि मग पुस्तकात गेले. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात आली. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ मध्ये पुस्तकरूप होण्यापूर्वी ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून क्रमशः आली. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही ‘करमणूक’ साप्ताहिकात १८९० पासून आठवड्याच्या आठवड्याला वाचली गेली. पुस्तक वाचताना आपण जे सलग वाचतो ते वाचकाने सात-सात दिवस थांबून, मध्ये बातम्या आणि जाहिराती वाचत, बहुधा घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवत पुरे केले होते. यासंबंधी ऑस्ट्रेलियातील एक प्रयोग आपल्या कामी येईल. तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संग्रहात जुनी वृत्तपत्रे मजकुरासह शोधता येतात आणि वाचक स्वतः ओळी दुरुस्त करतात. कॅथरीन बोड या अभ्यासिकेने त्यात लेखकांची नावे शोधली नाहीत, तर ‘प्रकरण’ या अर्थाचा इंग्रजी शब्द शोधला, कारण क्रमशः कथेच्या डोक्यावर तो असतोच. त्यातून हजारो कथा-कादंबऱ्या निघाल्या, आणि त्यांतल्या कित्येक साहित्येतिहासाला ठाऊकच नव्हत्या. मराठीत हीच युक्ती ‘मागील अंकावरून’, ‘पुढें चालू’, ‘अपूर्ण’, ‘प्रकरण’ या शब्दांनी करता येते. मराठी फायलींतला यंत्राने वाचलेला मजकूर तितका शुद्ध नसल्यामुळे फळ कमी मिळते, हे खरे. तरी एका मासिकाच्या चार वर्षांत मला अशा रीतीने सूचीत नसलेल्या गोष्टी मिळाल्या आहेत.

नियतकालिकांच्या बाबतीत एक सापळा आहे. ग्रंथालयात वर्षभराचे अंक एकत्र बांधताना बांधणीवाला अंकांची रंगीत वेष्टने काढून टाकीत असे. त्या वेष्टनांवरच वर्गणीचे दर, टपालहशील, आगाऊ वर्गणीसाठीच्या विनवण्या, पोच, नव्या पुस्तकांच्या जाहिराती आणि कधी वर्गणीदारांची नावे असत. म्हणजे वाङ्मयीन संस्कृतीचा जो भाग आपल्याला हवा आहे, तोच बांधणीच्या टेबलावर कापला गेला. एका संग्रहात मला एका मासिकाचे दोन महिने रिकामे दिसले आणि मी ‘मासिक बंद पडले होते’ असे टिपून मोकळा झालो. पुढे प्रत्यक्ष खंड हातात घेतला तेव्हा ते दोन अंक उशिरा निघाल्यामुळे पुढच्या वर्षाच्या खंडात बांधलेले आढळले. तेव्हापासून ‘आढळला नाही’ आणि ‘निघाला नाही’ हे दोन वेगळे रकाने मी ठेवतो. रिकाम्या महिन्यांचा हिशेब करताना शकाचेही भान हवे: शके वर्षात चैत्र ते साधारण मार्गशीर्षापर्यंत ७८ मिळवायचे आणि त्यानंतर इंग्रजी वर्ष बदलले की ७९. शके १७९५ च्या पौषातला जानेवारी म्हणूनच १८७४ चा ठरतो. सरधोपट ७८ मिळवणाऱ्यांनी कित्येक अंक वर्षभर मागे ढकलले आहेत.

कोणाचे लेखन टिकले यामागे संस्थांचा हातही पाहावा. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये सुरू केलेले ‘ज्ञानोदय’ जपले गेले, कारण मागे मिशनची व्यवस्था होती. मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा १८५५ मधला निबंध त्या पत्रात छापला गेला म्हणून आज आपल्या हाती आहे. १८८५ च्या ग्रंथकार सभेला, म्हणजे मराठी लेखकांच्या संमेलनाला, जोतीराव फुल्यांनी जे नकाराचे पत्र पाठवले, तेही ‘ज्ञानोदया’तच प्रसिद्ध झाले. सभेच्या आयोजकांच्या वर्तुळाबाहेर लिहिणाऱ्यांचा शोध त्या वर्तुळाच्या कागदपत्रांत घेऊन भागत नाही. सत्यशोधक चळवळीच्या ‘दीनबंधु’सारख्या पत्रांचे सलग अंक न मिळणे हा योगायोग मानू नये. तेथे देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश देणारे सरकारी साप्ताहिक अहवाल उपयोगी पडतात. सरकारला जे धोक्याचे वाटले तेवढेच त्यांत आहे हे ध्यानात ठेवून ते वाचावेत. पण हरवलेल्या अंकांत काय होते याचा कित्येकदा तेवढाच माग उरलेला असतो.

संदर्भ देण्याविषयी दोन गोष्टी. फायलीचा ओळखक्रमांक, छापील पृष्ठांक आणि स्कॅनमधील पृष्ठांक असे तिन्ही टिपावेत, कारण फायली नाव बदलतात, उडतात आणि एकाच पुस्तकाची दुसरी प्रत निराळ्या आवृत्तीची निघते. प्रत कोणत्या ग्रंथालयाची आहे हे शिक्क्यावरून नोंदवावे; एखाद्या तालुक्याच्या नेटिव्ह लायब्ररीचा शिक्का हा त्या पुस्तकाच्या प्रसाराचा पुरावाच असतो. हक्कांच्या बाजूने आपल्या काळात फारशी अडचण नाही, कारण भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क टिकतात. मात्र एखाद्या विसाव्या शतकातल्या संपादकाची प्रस्तावना त्या पुस्तकाला जोडलेली असेल तर तिचा हिशेब वेगळा करावा.

आता सुरुवातीविषयी. सगळी चौतीस वर्षे एकदम घेऊ नका. एकच वर्ष निवडा, उदाहरणार्थ १८८२. त्या वर्षाच्या चारही त्रैमासिक याद्यांतील मराठी नोंदी एका तक्त्यात उतरवा आणि प्रत्येकीपुढे दात्यांच्या सूचीत आहे का, ब्लूमहार्टमध्ये आहे का, डिजिटल संग्रहात आहे का, असे तीन रकाने ठेवा. ज्या नोंदींपुढे तिन्ही रकाने रिकामे राहतील त्यांचे छापखाने, किमती आणि विषय वेगळे मांडून पाहा. आपल्या प्रबंधाचा पहिला प्रकरणभर मजकूर बहुधा तेथेच मिळेल. त्यानंतर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा पुणे नगर वाचन मंदिर येथे चार-पाच दिवसांची एकच फेरी पुरेल, कारण तेव्हा आपल्या हाती ‘जुनी मासिके दाखवा’ अशी मोघम विनंती नसेल, तर खंड, वर्ष, महिना आणि पान लिहिलेली यादी असेल. तेथील कर्मचाऱ्यांना मुद्दाम विचारा की बांधणी न झालेले सुटे अंक कोठे गठ्ठ्यात पडलेले आहेत का. वेष्टने शिल्लक असतील तर ती त्याच गठ्ठ्यांत असतील.